गोळीचा आवाज

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. पण गुऱ्हाळमालक कसा जगतो, ते मी घरातच पाहिलंय. माझे सासरे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला आमचं गुऱ्हाळ. दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, त्या दिवशी आबा कडक फेटा बांधून जायचे. एरवी हंगामभर अंगात काजळीनं काळी झालेली बंडी.

मालक म्हटलं की गादीवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आबांचं होतं बाजलं, तेही चुलवाणाशेजारी, म्हणजे भट्टीशेजारी. घाणा आमचा, रस आटवायची मोठी कढई म्हणजे काहील आमची, कर्ज तर आमचंच. पण गूळ कसा उतरणार ते गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या हातात. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालायचं, वर आलेली मळी काढत राहायचं. पाक आटत आला की गुळव्या चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायचा आणि पत्र्यावर आपटायचा. ठक्क वाजली की काहील उतरवायची. त्या घडीला आबा हूं की चूं करत नसत. जरा उशीर झाला की गूळ काळपट, आणि व्यापाऱ्याला हवा पिवळाधमक. काळपट गूळ चवीला उलट झकास लागतो, पण हे आपलं माझं मत. सौद्यात ते कोण विचारतो?

१०० किलो उसाला १०-१२ किलो गूळ. त्यातून गुळव्या, जाळ घालणारा जळव्या, बाकीची माणसं, यांची मजुरी. हंगामाआधी सगळ्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे द्यायचे. एका वर्षी गुळव्या उचल घेऊन दुसऱ्याच घाण्यावर गेला. आबा स्वतः काहिलीवर उभे राहिले. पहिलं आदण, म्हणजे काहिलीचा पहिला घाणा, मऊच राहिलं, रवे धरेनात. तो गूळ आम्ही शिमग्यापर्यंत खात होतो. तिसऱ्या दिवशी आबा त्याच गुळव्याच्या दारात गेले. भांडायला नव्हे, बोलवायला.

२०१९ च्या महापुरात जळणाच्या चिपाडाची गंजी वाहून गेली. काहील तरंगत जाऊन शेजाऱ्याच्या उसात अडकली. पाणी ओसरल्यावर आबा चिखलातून तिच्यापाशी गेले, कडेवर दगड हाणला आणि कान लावला.

"फुटली नाही," म्हणाले. "सूनबाई, गुळव्याला फोन लाव."