बदललं तेवढंच बदला

जुलै लागला की कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आज बघायचं आहे ते जावास्क्रिप्टनं, म्हणजे पेजमध्ये बदल घडवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेनं, उघड्या पेजमधला हवा तेवढाच भाग कसा बदलायचा. म्हणून उदाहरण पंचगंगेचंच घेऊया. एक साधं वेब पेज आहे. वर पाणीपातळी, मध्ये बंद रस्त्यांची यादी, तळाला मदत मागायचा फॉर्म. नवी नोंद आली की पेज रिफ्रेश न करता आकडा बदलला पाहिजे.

ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पेजची रचना सांगणारी फाइल, वाचतो आणि मेमरीत त्याचं एक झाड उभं करतो. हेच डॉम. १९९८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं त्याचं पहिलं स्टँडर्ड मंजूर केलं. जावास्क्रिप्ट तुमच्या मूळ फाइलला हात लावत नाही, ती या झाडात बदल करते. म्हणून स्क्रीनवर नवा आकडा दिसतो आणि ‘व्ह्यू सोर्स’मध्ये जुनाच राहतो. बदललेलं झाड बघायचं असेल तर इन्स्पेक्ट उघडा.

आकड्याचं काम सोपं आहे. क्वेरीसिलेक्टर या शोधणाऱ्या फंक्शननं तो एलिमेंट, म्हणजे झाडातला तो तुकडा, शोधायचा आणि त्याच्या टेक्स्टकंटेंटमध्ये, म्हणजे आतल्या मजकुरात, नवा आकडा घालायचा. ३९ फूट ओलांडले की क्लासलिस्टमधून ‘इशारा’ हा क्लास, म्हणजे नावाची खूण, लावायचा. रंग काय द्यायचा ते पेजचं रूप ठरवणारं सीएसएस बघेल. जावास्क्रिप्टमध्ये रंगांचे कोड लिहीत बसू नका.

खरी गोम यादीत आहे. रस्ता बंद झाल्याची नवी बातमी आली की बरेच जण अख्ख्या पेजच्या डब्याला इनरएचटीएमएल (म्हणजे डब्याच्या आतलं सगळं एचटीएमएल), अधिक-बरोबर (+=), नवी ओळ असं लिहून मोकळे होतात. दिसतं बरोबर. पण आत काय होतं ते बघा. ब्राउझर त्या डब्यातलं सगळं आधी मजकुरात उतरवतो, त्याला नवी ओळ जोडतो, जुनं झाड पाडतो आणि नवं उभारतो. प्रयाग चिखलीतल्या एखाद्या ताईंनी फॉर्ममध्ये नाव, घरातली माणसं, जनावरं असं सगळं भरत आणलेलं असतं. ते क्षणात पुसलं जातं. बटणावर आपण लावलेला क्लिक लिसनर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारा कोड, तोही जातो. पुराच्या दिवसात, उतरलेल्या बॅटरीवर टाइप करणाऱ्या माणसावर ही वेळ येता कामा नये. क्रिएटएलिमेंटनं एक ‘एलआय’, म्हणजे यादीतली एक ओळ, बनवा, मजकूर घाला, यादीला अपेंड करा. बाकीचं झाड जागचं हलत नाही. रिअ‍ॅक्ट ही पेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररीसुद्धा जुनं-नवं ताडून फरकापुरतंच डॉमला हात लावतं.

इनरएचटीएमएलचा दुसरा धोका याहून मोठा. रस्त्यांची माहिती लोकच पाठवणार असतील, तर त्यात कोणी काय लिहील याचा भरवसा नाही. स्क्रिप्ट टॅग त्या वाटेनं आला तर चालत नाही, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण मुद्दाम चुकीचा पत्ता दिलेला इमेज टॅग आणि त्याला जोडलेला ऑनएरर, म्हणजे चित्र मिळालं नाही तर काय चालवायचं ती सूचना, आला, तर त्यातला कोड चालतो. टेक्स्टकंटेंट तेच अक्षर न् अक्षर साधा मजकूर म्हणून दाखवतं. लोकांनी लिहिलेलं सगळं त्यातूनच घ्या.

प्रत्येक ओळीत ‘रस्ता सुरू झाला’ असं बटण असेल, तर बटणागणिक लिसनर नको. यादीला एकच लावा. क्लिक खालून वर चढत तिथपर्यंत पोचतं. कुठल्या ओळीतून आलं ते क्लोजेस्ट, म्हणजे झाडात वर जात जवळची ओळ शोधणारं फंक्शन, सांगतं. नंतर जोडलेल्या ओळीही त्यात आपोआप येतात.

आणि हे माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचं: ज्यांना दिसत नाही, त्यांनाही पातळी वाढलेली कळली पाहिजे. आकड्याच्या डब्याला एरिया-लाइव्ह (aria-live) या खुणेत ‘पोलाइट’ लावा, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, बदल वाचून दाखवेल. मात्र तो डबा काढून दरवेळी नवा बसवलात तर घोषणा चुकू शकते. पेज उघडतानाच तो हजर ठेवा, आधी रिकामा असला तरी चालेल, आणि आतला मजकूर तेवढा बदलत राहा.