पहिला भारतीय आयसीएस आणि आपला मुलूख

श्रोते हो, नमस्कार.

काणकोण मागे टाकून, पोळ्याचा नाका ओलांडून आपण कारवारला जातो. काळी नदीचा पूल संपला की गावाला लागून जो किनारा पसरलेला आहे, त्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. रवींद्रनाथ इथे येऊन राहिले होते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ते कुणाकडे राहिले होते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते राहिले होते आपल्या मोठ्या भावाकडे. सत्येंद्रनाथ टागोर त्या वेळी कारवारला न्यायाधीश होते. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आयसीएसमध्ये, स्पर्धा परीक्षा देऊन दाखल झालेले ते पहिले भारतीय. आज बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते. पहिले भारतीय आयसीएस कोण? सत्येंद्रनाथ टागोर. पुढचा प्रश्न. मला वाटतं, त्या एका ओळीत त्यांचं अर्धंसुद्धा मोठेपण येत नाही. परीक्षा त्यांनी एकविसाव्या वर्षी दिली. त्यानंतरची तीसेक वर्षं ते परक्या प्रांतात, परक्या भाषेत नोकरी करत राहिले. तो परका प्रांत म्हणजे आपला मुलूख, आणि ती परकी भाषा म्हणजे मराठी. म्हणूनच हा माणूस मला आपला वाटतो.

जन्म 1 जून 1842, कोलकात्याच्या जोडासांको इथल्या टागोरवाड्यातला. वडील महर्षी देवेंद्रनाथ, बंगालमधल्या धर्मसुधारक ब्राह्मो समाजाचे धुरीण. कोलकाता विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा 1857 साली झाली, तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांत सत्येंद्रनाथ होते. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज. त्याआधी, 1855 पासून, सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली होती. खुली म्हणजे कागदावर खुली. परीक्षा फक्त लंडनला, भाषा इंग्रजी, ग्रीक आणि लॅटिनला संस्कृतपेक्षा जास्त गुण, आणि वयाची अट कडक. शिवाय समुद्र ओलांडला की घरात आणि जातीत काय वादळ उठायचं, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने चांगलं अनुभवलं आहे. इथला मुलगा त्या परीक्षेला बसेल, असं परीक्षा घेणाऱ्यांनाही फारसं वाटत नसावं.

सत्येंद्रनाथांना विलायतेची ओढ लावली मनमोहन घोष या मित्राने. दोघांनी बरोबर जायचं ठरवलं. जाण्यापूर्वीची एक हकिगत फार बोलकी आहे. सत्येंद्रनाथांचं लग्न 1859 सालीच झालं होतं. पत्नी ज्ञानदानंदिनी तेव्हा अगदी लहान, आणि टागोरांच्या घरात पडदा असा की परपुरुषाने माजघराकडे फिरकायचंही नाही. मनमोहनला तर मित्राच्या बायकोला भेटायचं होतं. तेव्हा सत्येंद्रनाथांनी त्याला रात्री आत नेलं. दोघं एकाच लयीत पावलं टाकत गेले, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की एकच माणूस चालतो आहे. मग मच्छरदाणीच्या आत मित्राला बसवलं. एका बाजूला घुंघट घेतलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला मित्र. दोघंही इतके अवघडले की एक शब्द कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने तशीच पावलं जुळवत दोघं बाहेर आले. पुढे याच ज्ञानदानंदिनी 1877 साली पती सोबत नसताना तीन मुलांना घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. मधली पंधराएक वर्षं लक्षात घेतली म्हणजे या घराने किती पल्ला मारला ते कळतं.

1862 साली दोघे मित्र निघाले. जून 1863 मध्ये सत्येंद्रनाथांची निवड झाली. मनमोहनला मात्र यश आलं नाही, पुन्हा बसला तरीही नाही. आणि इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सत्येंद्रनाथ पास झाल्यावर संस्कृत आणि अरबी या विषयांचे गुण कमी करण्यात आले. म्हणजे ज्या विषयात इथला विद्यार्थी चार गुण जास्त मिळवील, तोच हलका केला. मनमोहन पुढे बॅरिस्टर झाले आणि कोलकात्याच्या हायकोर्टात नाव कमावलं. वयाची मर्यादाही खाली खाली येत गेली. 1866 पासून ती एकवीस झाली, 1878 पासून एकोणीस. एकोणिसाव्या वर्षी लंडनला जाऊन, त्यांच्या भाषेत, त्यांच्या मुलांशी स्पर्धा करायची! हा अन्याय उघड होता आणि पुढे कितीतरी वर्षं भारतीय राजकारणातला तो एक मोठा मुद्दा होऊन राहिला.

सत्येंद्रनाथांनंतर पुढचे भारतीय उत्तीर्ण व्हायला 1869 साल उजाडलं. त्या वर्षी चौघं निवडले गेले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि चौथे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यातल्या सुरेंद्रनाथांना आणि आपल्या श्रीपाद बाबाजींना वयाच्या हिशेबावरून यादीतून काढून टाकलं होतं. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, त्यांच्याकडे पुरी झालेली वर्षं धरतात, यातून तो घोळ झाला. कोर्टात जावं लागलं, तेव्हा दोघांना न्याय मिळाला. म्हणजे 1863 ते 1869 ही सहा वर्षं त्या सेवेत स्पर्धा परीक्षेतून आलेला दुसरा भारतीय नव्हता. सत्येंद्रनाथ एकटे होते.

नोव्हेंबर 1864 मध्ये ते परतले आणि नेमणूक झाली मुंबई इलाख्यात. बंगालचा माणूस, पण बंगालमध्ये नाही. तेव्हाचा मुंबई इलाखा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला होता. बायकोला ते बरोबर घेऊन आले. हे आज ऐकायला सोपं वाटतं. घराबाहेर न पडलेल्या स्त्रीने मुंबईला जाताना नेसायचं काय, इथूनच सुरुवात होती. बंगाली घरात तेव्हा जशी साडी गुंडाळत, तशी ती चारचौघांत नेसण्याजोगी नव्हती. एका फ्रेंच दुकानातून खास पोशाख शिवून घेतला, तो इतका अवघड की आपला आपल्याला चढवताही येईना. मुंबईत ते माणेकजी करसेटजींच्या पारशी कुटुंबात राहिले. तिथल्या बायकांची साडी ज्ञानदानंदिनींनी पाहिली आणि तिच्यात थोडा बदल करून स्वतःची पद्धत बसवली. आत पोलका, परकर, आणि वर नीट चुण्या घातलेली साडी. ती बंगालमध्ये गेली, रुजली, आणि आज देशभर जी साडी नेसतात तिच्या घडणीत या बाईंचा मोठा वाटा आहे. एका सनदी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यातून एवढं घडलं. सरकारी दप्तरात अशा गोष्टींची नोंद होत नाही.

मुंबईत काही महिने काढल्यावर अहमदाबाद. पुढे पुणे, सोलापूर, कारवार, सातारा, अशी गावं पालथी घालत नोकरी चालू राहिली. मुलगा सुरेंद्रनाथ पुण्यातच जन्मला, 1872 साली. मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या मंडळींशी त्यांचा घरोबा होता. ब्राह्मो घरातून आल्यामुळे तो आपसूक जुळला. त्या समाजाचे संस्थापक डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर त्यांचे स्नेही. 1878 साली धाकट्या रवीला विलायतेला न्यायचं ठरलं, तेव्हा आधी अहमदाबादला आपल्याजवळ ठेवून घेतलं, आणि मग इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून मुंबईत तर्खडकरांच्या घरी धाडलं. त्याच सप्टेंबरात दोघे भाऊ मुंबईहून निघाले. बोटीचं नाव होतं 'पूना'.

आता कारवार. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. काळी नदीच्या काठी इंग्रजांचा अंमल, आणि काही कोसांवर, पोळ्याच्या अलीकडे, आपल्या गोव्यात पोर्तुगीजांचा. रवींद्रनाथ आले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. त्यांनी आठवणींत या किनाऱ्याचं वर्णन केलं आहे: डोंगरांनी वेढलेलं छोटंसं बंदर, अर्धचंद्राकार पुळण, सुरूची झाडं. एका चांदण्या रात्री सगळे होडीने काळी नदीतून वर गेले. शिवाजीमहाराजांच्या काळातल्या एका डोंगरी किल्ल्यापाशी उतरले. तिथे एका शेतकऱ्याच्या घरासमोर सारवून झाडून लख्ख केलेलं अंगण होतं. त्या अंगणात, चांदण्यात बसून त्यांनी बरोबर नेलेली शिदोरी खाल्ली. परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशी पोचायला खूप उशीर झाला, तेव्हा तिथेच उतरून वाळूतून चालत घरी आले.

मला या प्रसंगात कवीपेक्षा तो यजमान न्यायाधीश जास्त दिसतो. जिल्ह्याचा गोरा न्यायाधीश एखाद्या कुणब्याच्या अंगणात शिदोरी उघडून जेवायला बसला असता का? त्याच्यासाठी डाकबंगला होता, खानसामा होता. सत्येंद्रनाथांचं घरच त्या अंगणात जाऊन बसलं. आपल्याकडे काणकोणात, सांग्यात अशी अंगणं आजही आहेत, शेणाने सारवलेली, कडेला तुळस असलेली. पाहुणा आला की तिथेच चटई पडते.

आणि भाषा. मराठीत ते नुसते कामापुरते शिरले नाहीत. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. पेडणं, डिचोली, सत्तरी, फोंडा, कुठल्याही देवळात भजनी सप्ताहाला उभे राहा, तुकोबा कानावर येतातच. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात तर रात्रंदिवस अखंड भजन. त्याच अभंगांपाशी दिवसभर खटले ऐकणारा एक बंगाली न्यायाधीश येऊन बसला आणि त्याने ते आपल्या माणसांपर्यंत पोचवले. पश्चिम भारतातले लोक, त्यांचे सण, त्यांची राहणी याविषयी त्यांनी बंगालीत पुस्तक लिहिलं आणि उतारवयात, 1915 साली, मुंबई इलाख्यातल्या दिवसांच्या आठवणीही प्रसिद्ध केल्या. देशभक्तीपर गीतही त्यांनी लिहिलं, कोलकात्याच्या हिंदू मेळ्यात ते गायलं जाई. सरकारी नोकरीत असताना!

एवढं करून बढती काय मिळाली? 1897 साली ते निवृत्त झाले तेव्हा साताऱ्याचे न्यायाधीश होते. हायकोर्ट नाही, सेक्रेटरिएट नाही. दार उघडलं खरं, पण वरच्या मजल्याचा जिना त्या पिढीसाठी बंदच होता. मला याची आजही चीड येते. त्याच 1897 मध्ये बंगालमधल्या नाटोर गावी बंगाल प्रांतिक परिषद ही राजकीय परिषद भरली आणि तिचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. पेन्शन घेऊन स्वस्थ बसले नाहीत. परिषद चालू असतानाच 12 जूनला आसाम-बंगाल हादरवणारा मोठा भूकंप झाला.

पणजीत, मडगावात, म्हापशात यूपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली आज हे ऐकत असतील. तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही उद्या अधिकारी व्हाल तर नेमणूक कुठे मिळेल ते तुमच्या हातात नसेल. आपला गोवा ज्या केडरमध्ये येतो त्यात अरुणाचल आहे, मिझोराम आहे, दिल्ली आहे. तिकडची मंडळी इथे येतात, इथली तिकडे जातात. वाळपईहून तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेली एखादी आजी मराठीत किंवा कोकणीत आपलं गाऱ्हाणं सांगते, तेव्हा समोरच्या खुर्चीतल्या साहेबाला ते थेट कळतं की मधल्या कारकुनाकडून कळतं, यावर तिचं काम अवलंबून असतं. सत्येंद्रनाथांसमोर साताऱ्याचा शेतकरी उभा राहायचा. त्याचे तुकोबा न्यायाधीशाला पाठ होते, म्हणून त्याला काही सवलत मिळाली असेल असं मी म्हणत नाही. पण त्याचं बोलणं ऐकून घेतलं गेलं असेल, याची मला खात्री वाटते.

सनदी परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्या, ही मागणी दोन पिढ्या चालली. ती मान्य व्हायला 1922 साल उजाडलं. अलाहाबादला पहिली परीक्षा झाली. सत्येंद्रनाथ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पुढच्याच वर्षी, 9 जानेवारी 1923 रोजी, ते वारले. ज्या परीक्षेसाठी ते साठ वर्षांपूर्वी सातासमुद्रापार गेले होते, ती त्यांच्या हयातीत या भूमीवर आली.

नमस्कार.