नियम घालणाऱ्यानेच मोडलेला नियम : ‘लिंक क्लिक’चे दुसरे पर्व

14 जुलै 2023 रोजी बिलीबिली या चिनी व्हिडिओ संकेतस्थळावर ‘लिंक क्लिक’ या ॲनिमेशन मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले. पहिले पर्व संपून तेव्हा दोन वर्षे उलटली होती, आणि या दोन वर्षांत मालिकेच्या प्रेक्षकांचा जीव एकाच प्रसंगावर टांगणीला लागलेला होता. दोन नायकांपैकी एक, लू ग्वांग, पोटात सुरा खुपसलेल्या अवस्थेत जमिनीवर पडला होता. हल्ला करणारा हात त्याच्या जवळच्या मैत्रिणीचा, च्याओ लिंगचा होता; पण तिचे डोळे लाल झालेले होते आणि त्या क्षणी तिच्या देहात ती स्वतः नव्हती. कोणीतरी दुसऱ्याने तिच्या शरीराचा ताबा घेतला होता. तो कोण, आणि त्याला या छोट्याशा फोटो स्टुडिओतील तरुणांशी काय देणेघेणे, या प्रश्नापासून दुसऱ्या पर्वाची सुरुवात होते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी तिची रचना सांगायला हवी. एका आधुनिक चिनी शहराच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. तो दुसरा नायक चेंग श्याओशी याच्या आईवडिलांचा. ते दोघे तो लहान असतानाच बेपत्ता झाले. चेंग श्याओशीजवळ एक विलक्षण शक्ती आहे. त्याला छायाचित्रात शिरता येते आणि ज्याने ते छायाचित्र काढले, त्याच्या शरीरात राहून तो काळ जगता येतो. लू ग्वांगची शक्ती निराळी आहे. छायाचित्र काढल्यानंतरच्या 12 तासांत काय काय घडले, ते त्याला दिसते. म्हणून एकजण भूतकाळात उतरतो आणि दुसरा वर्तमानात बसून त्याला शब्दाशब्दाने वाट दाखवतो. 12 तास हीच मर्यादा, एका छायाचित्रात एकदाच प्रवेश, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे घडून गेले आहे, त्यात ढवळाढवळ करायची नाही. हे सारे नियम लू ग्वांग घालून देतो. चेंग श्याओशी उतावळा आणि मायाळू असल्यामुळे ते त्याला वारंवार जाचक वाटतात.

या कल्पनेतील सर्वांत हुशारीची गोष्ट मला वाटते ती अशी की, चेंग श्याओशी छायाचित्रात दिसणाऱ्या माणसाच्या शरीरात जात नाही, तर ते काढणाऱ्याच्या शरीरात जातो. घरातल्या समारंभाचे फोटो काढणारा माणूस त्या फोटोंत कधी सापडत नाही. आईचा हसरा चेहरा टिपणारी मुलगी, मित्राला चौकटीत नीट बसवणारा मित्र, ही माणसे छायाचित्राच्या अलीकडे उभी असतात आणि बहुतेक वेळा प्रेम त्यांच्याच बाजूला असते. शांघायच्या नानचिंग रस्त्यावर 1920 च्या दशकापासून नावाजलेला वांग काय फोटो स्टुडिओ असो, की एखाद्या तालुक्याच्या गावातील दुकान असो, चीनमध्ये नववर्षाच्या सुमारास सगळ्या कुटुंबाने एकत्र छायाचित्र काढून घेण्याची रीत अनेक पिढ्यांनी पाळली आहे. त्यामुळे काळप्रवासाच्या कथेसाठी यंत्र किंवा जादूचा दरवाजा न निवडता फोटो स्टुडिओ निवडणे हे तिथल्या प्रेक्षकाच्या घरात थेट पाऊल टाकण्यासारखे आहे.

दुसरे पर्व समजून घ्यायचे, तर पहिल्या पर्वातील एक प्रसंग जवळून पाहावा लागतो. चेन श्याओ नावाचा एक गिऱ्हाईक आपल्या शाळकरी वयातील एक छायाचित्र घेऊन येतो. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले, ते आपल्या माणसांपर्यंत पोचवावे, एवढीच त्याची विनंती असते. चेंग श्याओशी त्याच्या शरीरात उतरतो, बास्केटबॉलचा सामना खेळतो, गावी आईला भेटतो. मग त्याच्या ध्यानात येते की, थोड्याच वेळात या गावावर भूकंप कोसळणार आहे. चिनी प्रेक्षकाला हा प्रसंग पाहताना 12 मे 2008 चा वेनच्वान भूकंप आठवल्याशिवाय राहणार नाही. दुपारी 2 वाजून 28 मिनिटांनी सिच्वान प्रांत हादरला, सुमारे 69 हजार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे 18 हजार बेपत्ता राहिली, आणि कोसळलेल्या शाळांखाली मुले गाडली गेली. चेंग श्याओशी गावकऱ्यांना सावध करण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो. लू ग्वांगचा आवाज मात्र त्याला बजावत राहतो की, इथे काहीही बदलायचे नाही, कारण मृत्यू हा काळाच्या दोरीवरील असा बिंदू आहे, ज्याला हात लावता येत नाही. पहिल्यांदा पाहताना आपला राग लू ग्वांगवर निघतो. हा माणूस इतका थंड कसा, असेच मनात येते. हा राग मनात जपून ठेवावा, कारण दुसऱ्या पर्वाचे सारे बांधकाम त्याच्यावरच उभे आहे.

पहिल्या पर्वात बहुतेक वेळा एक गिऱ्हाईक, एक छायाचित्र आणि एक अपुरी राहिलेली गोष्ट असे स्वरूप होते. दुसऱ्या पर्वाच्या 12 भागांत गिऱ्हाईक जवळजवळ येतच नाही. सगळे पर्व एकाच तपासाचे आहे. लू ग्वांग इस्पितळात मृत्यूशी झुंजत असतो, च्याओ लिंगवर संशयाची सावली पडलेली असते, पोलीस अधिकारी श्याओ ली खुनांची साखळी उलगडू पाहत असतो आणि लाल डोळ्यांचा हल्लेखोर एका शरीरातून दुसऱ्या शरीरात सरकत राहतो. समोरून येणारी परिचारिका खरोखर परिचारिका आहे का, शेजारी उभा असलेला पोलीस पुढच्या क्षणी पिस्तूल कोणावर रोखेल, याची खात्री देता येत नाही. थरारकथेला लागणारे हे भय दिग्दर्शकाने अतिशय काटेकोरपणे वापरले आहे. खोलीभर माणसे असावीत आणि त्यांतल्या एकाच्या डोळ्यांचा रंग बदलावा, एवढ्याने प्रेक्षक खुर्चीच्या काठावर येतो. त्यासाठी मोठे स्फोट किंवा पाठलाग लागत नाहीत.

पण भयापेक्षा मोठी गोष्ट या लाल डोळ्यांमागे आहे. दुसऱ्याच्या शरीरात शिरून त्याच्या हातांनी कृती करणे हा गुन्हा असेल, तर चेंग श्याओशी आजवर काय करत आला आहे? त्याने ज्यांच्या देहात वास्तव्य केले, त्यांतील कितीजणांची परवानगी घेतली होती? छायाचित्र घेऊन येणारा गिऱ्हाईक आणि ते काढणारा माणूस पुष्कळदा वेगवेगळे होते. हेतू चांगला होता हे खरे, पण ज्याचे शरीर वापरले गेले, त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पहिल्या पर्वात ही बाब आपल्याला खटकत नाही, कारण आपण चेंग श्याओशीच्या बाजूने पाहत असतो. दुसरे पर्व त्याच शक्तीचे दुसरे रूप खलनायकाच्या हाती देते आणि नायकाला आरशासमोर उभे करते. ही तुलना कोणाच्या तोंडी भाषण घालून केलेली नाही. ती घटनांतूनच उमटते, म्हणून ती पटते.

या शक्तीमागे ली त्यानचेन आणि ली त्यानशी ही भावंडे आहेत, हे कथा हळूहळू उघड करते. त्यांचे बालपण दाखवणारे प्रसंग हा या पर्वाचा सर्वांत बळकट भाग आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. बाप दारुडा आणि मारकुटा, आई मार सोसणारी, आणि दोन लहान मुले एकमेकांचा हात धरून दाराआड उभी. या प्रसंगांत मालिका रहस्याची गती मुद्दाम मंद करते. अंगावर वळ कसे उठले हे दाखवण्यापेक्षा बापाच्या पावलांचा आवाज ऐकताच मुलांचे शरीर कसे आखडते, याकडे तिचे लक्ष असते. चीनमध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा पहिला देशव्यापी कायदा 1 मार्च 2016 पासून लागू झाला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, ‘हा त्यांच्या घरातला मामला आहे’ असे म्हणून शेजारीपाजारी दार लावून घेत आले. या भावंडांच्या हातून पुढे जे भयंकर घडते, त्याचे समर्थन मालिका करत नाही. पण त्या मुलांना वेळेवर कोणी हात दिला नाही आणि ज्या प्रौढांनी नंतर दिला, त्यांना मुलांपेक्षा त्यांची शक्ती हवी होती, हे ती विसरू देत नाही.

या पर्वात सारेच जमले आहे, असे मात्र नाही. मधल्या भागांत पात्रांची गर्दी होते, कोणाचे कोणाशी काय नाते आहे हे संवादांतून समजावून सांगावे लागते आणि त्या ओघात चेंग श्याओशी कित्येकदा केवळ धावपळ करणारा तरुण उरतो. पहिल्या पर्वातील सामान्य माणसे, नूडल्सचे दुकान चालवणाऱ्या दोन मैत्रिणी, पळवून नेलेल्या मुलाच्या शोधात खंगलेले आईवडील, यांच्या कथांत जी ऊब होती, ती इथे फार थोड्या ठिकाणी जाणवते. गुन्ह्याचा धागा घट्ट ओढण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती थोडीथोडकी नाही.

मालिकेचे दिग्दर्शक ली हाओलिंग यांनी 2013 मध्ये हाओलायनर्स ही ॲनिमेशन संस्था उभी केली. पुढे ‘लिंक क्लिक’ची निर्मिती ज्या स्टुडिओ लानकडे आली, त्या स्टुडिओचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आहे. चेंग श्याओशीला सू शांगछिंग यांचा आणि लू ग्वांगला यांग त्यानश्यांग यांचा आवाज लाभला आहे. या दोन आवाजांवर मालिकेचा तोल उभा आहे, कारण कथेतील अर्ध्याअधिक वेळा दोन मित्र एकमेकांना दिसत नाहीत, केवळ ऐकू येतात. लू ग्वांगच्या समतल स्वरात एखादा शब्द किंचित उशिरा येतो, आणि तो काहीतरी लपवत असावा, अशी शंका तेवढ्यानेच चाटून जाते. शीर्षकगीताच्या दृश्यांचा उल्लेखही करायला हवा. पहिल्या पर्वात ‘डाइव्ह बॅक इन टाइम’ या गाण्यावर पात्रे नाचताना दिसली आणि त्या नाचामुळे मालिकेला ओळख मिळाली. दुसऱ्या पर्वाचे ‘व्होर्टेक्स’ हे गाणेही बायशा जॉज यांचेच आहे, पण त्याची प्रकृती अधिक काळोखी आहे.

काळप्रवासाच्या कथांचा चीनमधील इतिहासही थोडा ध्यानात घ्यावा. 2011 मध्ये तिथल्या प्रसारण नियामक यंत्रणेने राजेरजवाड्यांच्या काळात जाणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांवर, त्या इतिहासाशी हेळसांड करतात, अशी उघड टीका केली होती. ‘लिंक क्लिक’मधील भूतकाळ राजवाड्यात जात नाही. तो कचेरीतल्या एका दिवसाचा, शाळेच्या मैदानाचा, स्वयंपाकघरातील जेवणाचा भूतकाळ आहे, आणि त्यामुळेच तो अधिक झोंबतो.

आता पर्वाच्या शेवटाकडे वळायचे आहे. ज्यांना तो स्वतः पाहायचा आहे, त्यांनी हे वाचन येथे थांबवावे. अखेरच्या भागात कळते की, दुसऱ्या एका काळप्रवाहात चेंग श्याओशीचा मृत्यू झालेला होता, आणि त्याला परत मिळवण्यासाठी लू ग्वांग स्वतः छायाचित्रातून मागे आलेला आहे. मृत्यूच्या बिंदूला हात लावायचा नाही, असे ज्याने पहिल्या पर्वात बजावले, त्यानेच तो नियम सर्वांत आधी मोडला होता. मित्राला तो वर्तमानातून वाट दाखवतो असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात तो स्वतः भूतकाळात राहत होता, आणि शेजारी बसून हसणाऱ्या मित्राचा शेवट त्याने एकदा पाहिलेला होता.

या एका खुलाशाने पहिले पर्व नव्याने लिहिले जाते. भूकंपाच्या प्रसंगातील त्याचा तो थंड आवाज आठवा. ज्याला नियम तोडण्याची किंमत ठाऊक नाही, अशा माणसाचा तो हट्ट नव्हता. जे आपण केले, ते मित्राने करू नये, म्हणून धडपडणाऱ्याची ती भीती होती. तरीही त्याला निर्दोष ठरवता येत नाही. चेन श्याओच्या आईला वाचवायचे नाही आणि आपल्या मित्राला मात्र वाचवायचे, हा निवाडा त्याने कोणत्या अधिकाराने केला? मालिका याचे उत्तर देत नाही, आणि माझ्या मते तिने ते देऊही नये. बिलीबिलीवर प्रेक्षकांचे शेरे चित्रावरूनच सरकत जातात, हे त्या संकेतस्थळाचे वैशिष्ट्य आहे. दुसऱ्या पर्वानंतर जो कोणी तिथे पहिला भाग पुन्हा उघडेल, तो आपोआप लू ग्वांगच्या जागी बसेल. पुढचे सारे ठाऊक असूनही, शेजारी पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यातले काही सांगायचे नाही, असा नियम त्यालाही पाळावा लागेल.

डिसेंबर 2024 मध्ये या मालिकेचा ‘ब्रायडन आर्क’ हा 6 भागांचा पुढील टप्पा सुरू झाला. तो प्रदर्शित नंतर झाला, पण त्याची कथा पहिल्या पर्वाच्या आधी घडते, आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी ओझरते दर्शन देणाऱ्या वेन या पात्राचा माग त्यात घेतलेला आहे. कथेतील घटनांच्या क्रमाने पाहण्याचा मोह होईल, पण मालिका नव्याने सुरू करणाऱ्यांनी तो टाळावा. पहिले पर्व, मग दुसरे आणि त्यानंतर ब्रायडन, हाच क्रम योग्य आहे, कारण लू ग्वांगवर आधी रागावल्याखेरीज त्याच्या गुपिताचे वजन कळत नाही.