दोन बेताची गाणी आणि एक मोठं भांडण

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘ब्लर की ओएसिस’, म्हणजे नव्वदच्या दशकात इंग्लंड गाजवणाऱ्या दोन पॉप बँडमधला थोर कोण. आधीच सांगून टाकतो, मी उत्तर देणार आहे. ‘दोघेही आपापल्या जागी थोर’ असं म्हणून हात झटकणारे वक्ते मला आवडत नाहीत. पण त्याआधी हा सामना ज्या आठवड्यात झाला म्हणतात, त्या आठवड्याची जरा झडती घेऊ. माझं म्हणणं असं, की भांडण खरं होतं, पण ते भलत्याच दोन गाण्यांवरून झालं आणि भलत्याच दोन बँडमध्ये लावलं गेलं.

१४ ऑगस्ट १९९५, सोमवार. ब्लरचं ‘कंट्री हाउस’ आणि ओएसिसचं ‘रोल विथ इट’ ही दोन सिंगल्स, म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डी, इंग्लंडच्या दुकानांत एकाच दिवशी आली. हा योगायोग नव्हता. ब्लरच्या बाजूने आपली तारीख मुद्दाम ओएसिसच्या तारखेवर नेऊन बसवली होती. ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हेवीवेट बॉक्सिंगची जाहिरात असावी तसे दोन चेहरे समोरासमोर छापले. मग वर्तमानपत्रं उतरली, टीव्हीच्या बातम्या उतरल्या. पॉप संगीताशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता तेही ‘तू कोणाचा?’ म्हणून एकमेकांना विचारू लागले. २० तारखेच्या रविवारी खपाचा निकाल लागला: ब्लर २ लाख ७४ हजार, ओएसिस २ लाख १६ हजार. ब्लर पहिल्या क्रमांकावर, ओएसिस दुसऱ्या.

आता हे आकडे नेमकं काय मोजत होते ते बघा. ब्लरचं सिंगल दोन वेगवेगळ्या सीडींवर निघालं होतं. मुख्य गाणं दोन्हींवर तेच, सोबतची गाणी निराळी. एका सीडीवर त्यांच्या माइल एंड स्टेडियममधल्या मैफलीतली गाणी. म्हणजे खरा भक्त असेल तर त्याला एकच गाणं दोनदा विकत घेणं भाग. त्यात ब्लरची सीडी ओएसिसच्या सीडीपेक्षा स्वस्त. आणि ओएसिसच्या गोटातून तक्रार अशी, की त्यांच्या सीडीच्या वेष्टणावरच्या बारकोडमध्ये घोळ होता, त्यामुळे सगळी विक्री मोजलीच गेली नाही. तक्रारीत तथ्य किती ते बाजूला ठेवा. पण ज्या निकालाच्या चर्चेत बारकोड आणि किंमत येते, त्या निकालावरून चालीची किंवा गळ्याची प्रत ठरवायला बसणं मला तरी जमत नाही.

आणि गाणी कोणती? ‘कंट्री हाउस’ हे ब्लरच्या रेकॉर्ड कंपनीच्या, फूड रेकॉर्ड्सच्या डेव्हिड बाल्फवरचं गाणं. तो धंदा सोडून खेड्यातल्या मोठ्या घरात राहायला गेला, त्याची ही टिंगल. टिंगल मजेशीर आहे, पण दुसऱ्या कडव्यानंतर त्यात नवीन काही घडत नाही. व्हिडिओ डेमियन हर्स्ट या चित्रकाराने केला, आणि त्यातला आचरटपणा ब्लरचा गिटारिस्ट ग्रॅहम कॉक्सनला तेव्हाच खुपत होता. ‘रोल विथ इट’ तर त्याहून सामान्य: जोरदार ठेका, ओळखीची वळणं आणि शब्दांत फारसा जीव नाही. दोन्ही बँडच्या उत्तम दहा गाण्यांची यादी करा, यांपैकी एकही त्यात येणार नाही. निवडणूक गाजली खरी, पण दोन्हीकडचे उमेदवार पडेल.

ज्याच्यात्याच्या तोंडी दुसरा मुद्दा असतो तो वर्गाचा. ओएसिस म्हणजे मँचेस्टरच्या बर्नेजमधली, आयरिश आईबापांची, सरकारी वसाहतीत वाढलेली पोरं. ब्लर म्हणजे दक्षिणेतली, आर्ट स्कूलची, पुस्तकं वाचणारी पोरं. यात निम्मं खरं आहे. ओएसिसची गाणी लिहिणारा नोएल गॅलॅगर आधी इन्स्पायरल कार्पेट्स या बँडची वाद्यं सांभाळायचा, आणि ब्लरचा गायक डेमन अल्बार्न याचे वडील कला शिकवणाऱ्या संस्थेत होते, हे खरंच. पण कॉक्सनचे वडील सैन्याच्या बँडमध्ये वाजवणारे, आणि त्याचा जन्म जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत झालेला. तो कोणत्या रकान्यात बसवायचा? आणि ‘इंडी’, म्हणजे बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र म्हणाल, तर १९९२ सालीच ओएसिसच्या कंपनीचा, क्रिएशन रेकॉर्ड्सचा ४९ टक्के हिस्सा सोनीकडे गेला होता, आणि फूडच्या मागे ईएमआय उभी होती. म्हणजे छोट्या कंपन्यांची, स्वतंत्र बाण्याची म्हणून जी दोन पोरं एकमेकांवर सोडली, त्या दोघांचे पालक बडे शेठच होते.

मग तुलना करायचीच तर कशावर करावी? मी म्हणतो, गाण्यात बोलतं कोण यावर.

ब्लरच्या गाण्यात ‘तो’ आणि ‘ती’ असतात. नोकरदार माणूस, सुट्टीवर गेलेली टोळकी, उपनगरातलं जोडपं. गाणारा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून त्यांच्याकडे बघतो. ही साठच्या दशकातल्या किंक्स या इंग्लिश बँडच्या रे डेव्हिसची वाट. १९९२ मध्ये कर्जात बुडून अमेरिकेच्या लांबलचक दौऱ्यावर गेलेल्या ब्लरला घरची आठवण काढता काढता ती सापडली. या पद्धतीचा धोका असा, की बघता बघता बघणारा माणूस नाक मुरडायला लागतो. ‘द ग्रेट एस्केप’ या अल्बममध्ये ते फार झालं.

ओएसिसच्या गाण्यात ‘मी’, ‘तू’ आणि ‘आपण’. तिथे पात्रं नाहीत, गोष्ट नाही, कित्येकदा अर्थही नाही. नोएल यमक जुळलं की पुढे जातो. पण त्याचा भाऊ, गायक लियम, ते गातो कसं ते ऐका. आणि बघाही: माइक तोंडाच्या जरा वर बांधलेला, हनुवटी उचललेली, दोन्ही हात पाठीमागे. ‘लिव्ह फॉरेव्हर’ सुरू होतं साध्या ड्रमवर, आणि पहिल्याच शब्दावर तो आवाज असा येतो की कोणी विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा. स्वर तो ओढतो, पण मींड घेऊन नाही. दातांत धरून ताणतो. आवाज खरखरीत आहे आणि त्याच वेळी पोरसवदा आहे. हे मिश्रण ब्लरमध्ये कोणाकडेच नव्हतं. अल्बार्न हुशार गायक आहे, पण १९९५ पर्यंत तो पुष्कळदा कोणाची तरी नक्कल करत गातो असं वाटत राहतं.

उलट ब्लरचं ‘दिस इज अ लो’ घ्या. १९९४ च्या ‘पार्कलाइफ’ अल्बमच्या शेवटाकडे आहे, आणि सामन्याच्या गदारोळात त्याचं नावही निघालं नाही. बीबीसी रेडिओवर खलाशांसाठी समुद्रातल्या हवामानाचं वार्तापत्र लागतं: डॉगर, टाइन, फोर्थ, क्रोमार्टी अशी सागरी विभागांची नावं एका सुरात वाचत जातात. बेसवाल्या ॲलेक्स जेम्सने अल्बार्नला नाताळची भेट म्हणून त्या विभागांचा नकाशा छापलेला रुमाल दिला, आणि अडलेल्या गाण्याला शब्द मिळाले. अख्ख्या बेटाला समुद्रावरून प्रदक्षिणा घालून येणारं हे गाणं आहे. मधल्या भागात कॉक्सनने गिटारचे तुकडे एकावर एक चढवलेत. एक दुसऱ्याला साथ देत नाही, सगळे आपापल्या दिशेने ओढतात, आणि तरी गाणं फाटत नाही. इथे टिंगल नाही, नाक मुरडणं नाही. ओएसिसमध्ये असं वाजवणारा माणूस नव्हता, आणि नोएलला त्याची गरजही वाटली नसती.

म्हणजे या दोघांत खरी स्पर्धाच नाही. एकाला जे करायचं होतं ते दुसऱ्याला करायचंच नव्हतं. ब्लरचा खरा प्रतिस्पर्धी शेफील्डचा पल्प. जार्व्हिस कॉकरने हा बँड १९७८ मध्ये शाळकरी वयात काढला आणि सतरा वर्षं वाट बघितली. १९९५ च्या उन्हाळ्यात त्यांचं ‘कॉमन पीपल’ आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्स कॉलेजात भेटलेली श्रीमंत ग्रीक मुलगी त्याला म्हणते, मला सामान्य माणसांसारखं जगायचंय. गाणं सुरू होतं गमतीत, कॅसिओसारख्या स्वस्त कीबोर्डच्या पुटपुटण्यावर, आणि हळूहळू वेग वाढत जातो. वेग वाढतो तसा राग वाढतो. शेवटी तो त्या मुलीला सांगतो की झुरळं भिंतीवर चढू लागली की तू वडिलांना फोन करशील आणि सुटशील. वर्ग हा विषय ब्लरने रस्त्यापलीकडून पाहिला. कॉकरने खोलीत बसून लिहिला. त्या जूनमध्ये स्टोन रोझेस या बँडच्या जॉन स्क्वायरचं कॉलरबोन मोडलं, म्हणून ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ऐनवेळी त्यांची मुख्य जागा पल्पला मिळाली आणि त्यांनी ते मैदान जिंकलं.

इथे एक गंमत. ‘कॉमन पीपल’ दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. त्याच्या पुढे होते रॉबसन आणि जेरोम, एका टीव्ही मालिकेत सैनिकांची कामं करणारे दोन नट, एक जुनं गाणं गाऊन. तेच त्या वर्षीचं सर्वाधिक खपलेलं सिंगल ठरलं. वर्षअखेरीला ओएसिसचं ‘वंडरवॉल’ आलं, तेही दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. पुढे कोण? रॉबसन आणि जेरोमच. दोन बँड एकमेकांच्या उरावर बसलेले असताना आजीबाईंनी लोणी पळवलं.

पुढचं पटकन सांगतो. सप्टेंबरात नोएलने मुलाखतीत अल्बार्न आणि जेम्सला एड्स होऊन मरण यावं, असं म्हटलं आणि नंतर माफी मागितली. ऑक्टोबरात ओएसिसचा ‘मॉर्निंग ग्लोरी’ अल्बम आला आणि सिंगलच्या निकालाचं उट्टं निघालं. ऑगस्ट १९९६ मध्ये नेबवर्थला त्यांच्या मैफलींना दोन रात्रींत अडीच लाख लोक. मग १९९७. त्या फेब्रुवारीत ब्लरने आपलं जुनं कपाट रिकामं केलं, अमेरिकन बँडचा खडबडीत आवाज उचलला, आणि दोन मिनिटांचं ‘साँग टू’ जगभर वाजलं. ऑगस्टमध्ये ओएसिसचा ‘बी हिअर नाऊ’ आला: गिटारवर गिटार, सात ते नऊ मिनिटांची गाणी, कोणी ‘पुरे’ म्हणायला नाही.

तर उत्तर. पहिल्या दोन अल्बमांतला ओएसिस हा त्या दशकात समूहाने गाण्याजोगा सर्वांत मोठा बँड. तिथे ब्लर त्यांच्या जवळपासही नाही. पण पूर्ण कारकीर्द धरली तर ब्लर, कारण ते स्वतःला कंटाळायचं धाडस करत राहिले. आणि फक्त १९९५ साल विचारलंत तर पल्प.

आता तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट. या सगळ्या धामधुमीत ब्रिटिश झेंडा फार फडकला. नोएलच्या गिटारवरही युनियन जॅक रंगवलेला. १९९२ मध्ये मॉरिसी या गायकाने लंडनमधल्या मैफलीत तोच झेंडा अंगाशी घेतला, मागे स्किनहेडचं (टक्कल केलेल्या, वंशद्वेषाशी नाव जोडलं गेलेल्या पोरांचं) चित्र, तेव्हा लेस्टरच्या एका नव्या बँडने ईएमआयच्या कचेरीबाहेर त्याचा फोटो जाळला. हा बँड कॉर्नरशॉप, आणि त्याचा म्होरक्या तजिंदर सिंग. त्याच तजिंदरने १९९७ मध्ये गाणं लिहिलं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ही आशा म्हणजे आपली सांगलीची आशा भोसले. गाण्यात लताबाई आहेत, रफी आहेत, छोट्या तबकड्या आहेत. पहिल्या खेपेला ते साठाव्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. नॉर्मन कुक या डीजेने वेग वाढवून त्याचं नवं रूप केलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. लता की आशा यावर आपण चहा गार होईपर्यंत भांडतो; तजिंदरने दोघींना एकाच गाण्यात बसवून टाकलं. आणि हाच कॉर्नरशॉप ओएसिससोबत दौऱ्यावर गेला.

मला मूळ, संथ रूप जास्त आवडतं. तेच आता लावतो, मग ‘दिस इज अ लो’. त्यानंतर ज्यांना भांडायचंय त्यांनी पुढच्या रांगेत या. ‘वंडरवॉल’ची फर्माईश मात्र नको.