कागदाच्या दोरीची खुर्ची

[दोरीचं रीळ, त्यावर फिरणारे हात]

वाय खुर्चीची बैठक विणायची ही दोरी कागदाची आहे. पीळ घातलेला कागद, बाकी काही नाही. एका बैठकीला सुमारे १२० मीटर लागते आणि सरावलेला हात ती तासाभरात विणून काढतो.

सुरुवात कुठून होते ते पाहा. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद. पहिल्यापासून चारही बाजूंनी विणत गेलं, तर मागची पट्टी भरते आणि पुढे मधोमध फट राहते. म्हणून आधी पुढचे दोन कोपरे भरून घ्यायचे, मग पूर्ण फेरे. फेरा काटकोनात बसला नाही की कोपऱ्यातून मध्याकडे येणारी तिरकी रेघ फाकते. मग उसवण्यावाचून इलाज नाही. ताण कमी पडला तर बैठक झोळ धरते. बाज विणलेल्याला हे सांगायला नको.

[वाफाळलेलं लाकूड साच्यावर]

खुर्चीच्या पाठीची आणि हातांची कड एकसंध. वाफेनं नरम झालेलं लाकूड निवायच्या आत वळवावं लागतं. गाठ असली की बाहेरच्या अंगाला तडा जातो. मागचे पाय मात्र वाकवलेले वाटले, तरी ते फळीतून वळणावर कापलेले आहेत.

[पाठीच्या मधला इंग्रजी ‘वाय’सारखा आकार, जवळून]

म्हणून ही वाय खुर्ची. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये आखली, कार्ल हॅन्सन अँड सन या कंपनीनं १९५० पासून आजतागायत बनवली. वेग्नर डेन्मार्कच्या ट्योन्डर गावचे, जोडे शिवणाऱ्याचे चिरंजीव, शिक्षणानं सुतार.

डेन्मार्कची ओळख म्हणून मिरवली जाणारी ही खुर्ची निघाली मिंग राजवटीच्या काळातल्या चिनी खुर्च्यांवरून. आणि कागदी दोरी आली टंचाईतून: दुसऱ्या महायुद्धात समुद्री गवताची दोरी मिळेना, म्हणून हा पर्याय. ‘डॅनिश’पण शोधायचंच, तर ते विणणाऱ्या या हातांत शोधावं. १९५४ ते ५७ या काळात नॉर्डिक, म्हणजे डेन्मार्क-स्वीडनसारख्या उत्तर युरोपातल्या देशांच्या वस्तूंचं प्रदर्शन अमेरिका-कॅनडात फिरलं, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला ‘स्कँडिनेव्हियन’ हा एकच शिक्का पाठ झाला. पाठोपाठ नकलाही आल्याच.

[खुर्ची उलटी, बैठकीची खालची बाजू]

शेवटचा फेरा. टोक खालून ओढून घट्ट बांधायचं, उरलेली दोरी कापायची.