खारवट रानात बी रुजताना

(दृश्य: मार्च महिन्यातली सकाळ. पाणी देऊन सुकलेल्या सऱ्या.)

सरीच्या माथ्यावर दिसतोय तो पांढरा थर मिठाचा आहे. मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांत कृष्णाकाठच्या बऱ्याच रानांत उन्हाळा लागला की असा थर फुटतो. जमीन काळी, भारी. उसाला वर्षानुवर्षं मोकळं पाणी सोडलं आणि मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. जमिनीतली पाणीपातळी वर चढत गेली. ऊन पाणी ओढून घेतं, क्षार वरच राहतात. लोक म्हणतात, रान क्षारपड झालं.

अशा रानात भाजीपाला करणाऱ्याची पहिली तक्रार उत्पन्नाची नसते, उगवणीची असते. भेंडी टोकली, चार हातांवर एक रोप दिसतं. मधली जागा मोकळीच. तिथं उकरून पाहिलं तर बी सापडतं, कधी कुजलेलं, कधी नुसतं फुगून थांबलेलं.

(दृश्य: तळहातावर फुगलेलं बी, जवळून.)

ते थांबतं कशामुळे? बी पाणी शोषून घेतं, पण मातीतलं पाणी खारट असलं की मीठच ते पाणी धरून ठेवतं. ओल हाताला लागते आणि बी मात्र तहानलेलं राहतं. शिवाय सोडियम आणि क्लोराइड आत शिरतात आणि कोवळ्या पेशींना इजा करतात. भाज्या याबाबतीत फार नाजूक. मातीच्या खारटपणाचं माप डेसिसिमेन प्रति मीटर या एककात देतात. टोमॅटो साधारण २.५ पर्यंत तग धरतो. मिरची १.५ ला कुरकुरू लागते, कांदा १.२ लाच. आणि जमीन अधिकृतपणे खारवट ठरते ती ४ च्या पुढे! म्हणजे माती तपासणीच्या अहवालात रान चांगलं दिसत असतानाही कांद्याला त्रास सुरू झालेला असतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात भिजत घातलेली मटकी.)

आता जरा घरात येऊ. रात्री मटकी भिजत घालतो. सकाळी ती टपोरी होते, पण मोड लगेच येत नाहीत. मधले काही तास वरून काहीच घडताना दिसत नाही. खरी धांदल याच वेळात असते. बियाच्या आत दुरुस्ती सुरू होते, साठवलेलं अन्न मोकळं होऊ लागतं, मुळाची तयारी होते. मोड फुटण्याआधी नेमकं इथंच बी बाहेर काढायचं आणि सावलीत सुकवायचं. शास्त्रज्ञ याला सीड प्रायमिंग म्हणतात. पेरल्यावर त्या बियाला आतली तयारी पहिल्यापासून करावी लागत नाही. ते लवकर आणि एकसारखं उगवतं. वरच्या थरात क्षार साचायच्या आत मूळ खाली गेलेलं असतं.

कारल्याचं, दोडक्याचं बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. नवं आहे ते वेळेवर थांबणं.

(दृश्य: पातेल्यात गोडं पाणी, भेंडीचं बी. शेजारी छोटा वजनकाटा.)

भेंडीचं बी आधी तोलून घ्या. गोड्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी निथळून सावलीत पातळ पसरा आणि वजन पुन्हा पहिल्याइतकं होईपर्यंत सुकवा. उन्हात मुळीच नको. काही जण साध्या पाण्याऐवजी पोटॅशियम नायट्रेटचं, म्हणजे आपल्या ओळखीच्या तेरा-शून्य-पंचेचाळीस या खताचं हलकं द्रावण वापरतात. टोमॅटोचं बी मिठाच्या द्रावणात भिजवल्यास पुढं रोपं खारट पाणी अधिक सोसतात, असं स्पेनमधल्या प्रयोगांत १९९० च्या दशकातच दिसलं होतं. पण द्रावणाचं प्रमाण आणि वेळ पिकागणिक बदलते, म्हणून सुरुवात साध्या पाण्यानं केलेली बरी.

पाकिटातलं गुलाबी किंवा निळं बी मात्र भिजवू नका. तो रंग औषधाचा असतो. औषध धुऊन जातं आणि उरलेलं पाणी विषारी होतं. आणि एकदा भिजवून सुकवलेलं बी पुढच्या हंगामासाठी ठेवू नका, ते लवकर जुनं होतं.

(दृश्य: सरीच्या बगलेला बी टोकणारे हात.)

बी माथ्यावर न टोकता बगलेला टोका, कारण क्षार माथ्यावर गोळा होतात. या सगळ्यानं उगवण सावरते, जमीन सुधारत नाही, हे मला स्पष्टच सांगायला हवं. जमिनीसाठी चर हवेत, नाहीतर सांगली-कोल्हापुरात काही गावांनी केलं तसे सच्छिद्र पाइप पुरून निचरा करायला हवा. माती चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली असेल तर जिप्समही लागेल. त्याला खर्च आहे, वर्षं जातात, आणि शेजारच्या रानातूनही वाट मिळावी लागते. तोवर याच रानात घर चालवायचं असतं.

(दृश्य: ओलं गोणपाट, त्यावर बियांच्या दोन रांगा.)

आधी घरीच पाहून घ्या. पन्नास बिया भिजवून सुकवलेल्या, पन्नास तशाच. दोन्ही एकाच गोणपाटावर मांडा आणि ते आपल्याच विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं ओलं ठेवा. रोज सकाळी उघडून दोन्ही रांगांतले मोड मोजा.