प्रिन्सची सावली

[दृश्य: जुन्या व्हिडिओ टेपसारखं थरथरतं चित्र. रिकामं पार्किंग.]

१९८५ साल. न्यूयॉर्क राज्यातलं एक पार्किंग. पांढरा सैल सदरा आणि पांढरी विजार घातलेला एक पोरगा धावतोय. थांबतो, गर्रकन वळतो, पुन्हा धावतो. मग एका भिंतीला लटकून स्वतःला वर ओढून घेतो. बघणाऱ्याला वाटावं, कसली तरी शिक्षा चाललीय.

पोराचं नाव डेव्हिड मेक्नर. कॅमेऱ्यामागे त्याचा थोरला भाऊ जॉर्डन. येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला, आणि कॉलेजात असतानाच 'कराटेका' नावाचा गेम काढून बसलेला. आता त्याला नवा गेम करायचा होता. त्यातला माणूस माणसासारखा धावला पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

त्यासाठी त्याने काय केलं, ते ऐकून आज हसू येईल. टेप टीव्हीवर लावायची, एकेका चौकटीवर थांबवायची आणि अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढायचा. रोल धुऊन आणायचा. फोटोतली आकृती काळ्या मार्करने आणि पांढऱ्या करेक्शन फ्लुइडने गिरवायची. त्याची झेरॉक्स काढायची, आणि ती झेरॉक्स पुन्हा कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. एका उडीसाठी हे सगळं. पडद्यावर ती आकृती उभी राहते बोटभर.

[दृश्य: निळसर विटांची कोठडी. फाटक धाडकन पडतं. पांढऱ्या कपड्यांतला माणूस गुडघे वाकवून उभा.]

ही बोटभर आकृती म्हणजे आपला 'प्रिन्स'.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बाजारात आणला. तो कॉम्प्युटर तेव्हा शेवटचे दिवस मोजत होता, त्यामुळे गेम अमेरिकेत आधी फारसा खपलाच नाही. पुढच्या वर्षी डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीवर, आला, मग इतर मशीनांवर, इतर देशांत, आणि तिथून त्याने पाय पसरले. दुसरा भाग, 'द शॅडो अँड द फ्लेम', १९९३ चा. आज आपण हे दोन गेम शेजारी शेजारी ठेवणार आहोत. ग्राफिक्स कुणाचे भारी, हा प्रश्न नाही. त्याचं उत्तर पहिल्या मिनिटात मिळतं, दुसऱ्याचे. मला बघायचंय ते वेगळंच. दोन्ही गेममध्ये एक सावली आहे. तिचं काय झालं, ते बघू.

आधी पहिला.

सुलतान लढाईवर गेलाय. वजीर जाफरला गादी हवीय आणि शहजादीही. तो तिच्यासमोर वाळूचं घड्याळ ठेवतो. एका तासात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचा प्रियकर, म्हणजे आपला प्रिन्स, तळघरात कोंडलेला. आता बुद्धिबळात आपण ज्याला वजीर म्हणतो, तो पटावरचा सगळ्यात ताकदवान मोहरा. त्यामुळे मराठी पोराला हे कथानक समजावून सांगावं लागत नसे. राजा कुठे आहे, हे कुणी विचारायचं नाही. वजिराला मारायचं.

हातात ६० मिनिटं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू करा, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. बारा लेव्हल. सुरुवातीला तलवारसुद्धा नाही, ती शोधायची. एक मजला खाली पडलात तर काही नाही, दोन मजले पडलात तर एक जीव गेला, तीन मजले पडलात तर संपलं. हा हिशेब कुठे लिहिलेला नव्हता. पडून पडून पाठ व्हायचा.

आणि त्या शरीराला वजन होतं. बटण दाबलं की त्याच क्षणी उडी, असं इथे चालत नाही. आधी तो गुडघे वाकवतो, मग झेपावतो, काठाला बोटं अडकवतो, लोंबकळतो. धावता धावता थांबायचं म्हटलं तर दोन पावलं घसरतो. डेव्हिड जसा घसरला होता तसाच. म्हणून कड्याच्या टोकाशी शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं. काट्यांच्या खड्ड्यातूनही तसंच, हळू. चालत गेलात तर काटे काही करत नाहीत, धावलात तर भोसकतात.

[दृश्य: जुना कीबोर्ड. दोन वेगवेगळे हात.]

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी कॉम्प्युटर क्लास किंवा शाळेची लॅब पाहिली, त्यांना पुढचं सांगायला नको. चपला बाहेर, मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, एका मशीनला दोन पोरं. सरांचं बॅच रजिस्टर भरून होईपर्यंत फ्लॉपी आत गेलेली असायची. दोघांना खेळायचं असायचं, म्हणून कामाची वाटणी: मी बाण, तू शिफ्ट. एकाने पळायचं, दुसऱ्याने वार करायचा आणि काठाला धरून ठेवायचं. शिफ्टवाला झोपला की प्रिन्स खाली. मग भांडण. मी कायम शिफ्टवाला होतो, आणि पडण्याचं खापर कायम माझ्यावर फुटायचं.

काळ्या पडद्यावर 'प्रिन्स मेगाहिट' टाइप केलं की दुनिया बदलायची. शिफ्ट आणि एल, पुढची लेव्हल. के दाबलं की समोरचा शिपाई आडवा. हा मंत्र आमच्यापर्यंत कुठून आला, देव जाणे. गेमची पुस्तिका मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती.

असो. सावलीकडे येऊ.

मेक्नरच्या मूळ आराखड्यात लढाई नव्हती. फक्त पळणं, उड्या, सापळे. त्याची सहकारी टॉमी पियर्स त्याला पुन्हा पुन्हा सांगायची, यात मारामारी घाल. त्याचं एकच उत्तर: जागा नाही. खरंच नव्हती. प्रिन्सच्या इतक्या साऱ्या हालचालींनी मेमरी काठोकाठ भरली होती. दुसरं पात्र काढायचं तर त्याची चित्रं ठेवायची कुठे?

मग त्याने एक खोडी केली. प्रिन्सचीच चित्रं घ्यायची, त्यातले बिट, म्हणजे चित्राचे एकेक ठिपके, एका घराने सरकवायचे आणि मूळ चित्राशी ताडून बघायचे. जिथे दोन्ही सारखे, तिथे काही नाही. जिथे वेगळे, तिथे ठिपका. उरते ती नुसती कडा, लुकलुकणारी, आरपार दिसणारी. एकही नवं चित्र न काढता दुसरा माणूस तयार झाला. शॅडोमॅन. त्याने मेक्नरला दाखवून दिलं की समोर कुणीतरी हवंच. मग इकडून तिकडून जागा काढून शिपाईही आले. तलवारीच्या हालचाली मिळाल्या १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातून. एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांची शेवटची झुंज, तिच्यात दोघेही अगदी बाजूने दिसतात असे जेमतेम सहा सेकंद. तेवढं पुरलं.

गरजेपोटी आलेलं हे भूत मेक्नरने गोष्टीत कसं विणलं, ते बघण्यासारखं आहे. चौथ्या लेव्हलला बाहेरचं दार उघडता आणि परत येता, तर वाटेत आरसा. मघाशी नव्हता. दुसरा रस्ता नाही, म्हणून धावत जाऊन आरशात उडी मारायची. आरसा पार होतो, आणि त्याच क्षणी तुमचं प्रतिबिंब उलट्या दिशेने पळून जातं. खाली बघावं तर जीव मोजणाऱ्या लाल त्रिकोणांतला एकच उरलेला. पाचव्या लेव्हलला हाच भामटा तुमच्या आधी पोचून मोठी बाटली पिऊन टाकतो. सहाव्याच्या शेवटी तुम्ही फाटकाकडे झेपावणार, तोच तो पलीकडच्या फरशीवर पाय ठेवतो, फाटक पडतं आणि तुम्ही खाली. पडता पडता सातवी लेव्हल. काय चीड यायची! जाफरपेक्षा त्याचाच राग जास्त.

तिसऱ्या लेव्हलचा सांगाडाही सांगायला हवा. त्याला मारताच येत नाही, कारण त्याच्याकडे जीवच नाही. वार करत करत त्याला कडेपर्यंत रेटायचं आणि खाली ढकलायचं. आणि आठव्या लेव्हलचा उंदीर. तुम्ही फाटकाआड अडकलात, काही सुचत नाहीये, आणि वर महालात बसलेल्या शहजादीने पाठवलेला पांढरा उंदीर तुरुतुरु येऊन कळ दाबून जातो. अख्ख्या गेममध्ये कुणी मदत केली असेल तर या उंदराने.

[दृश्य: रात्रीचं आकाश, गच्च्या, घुमट. काच फोडून एक माणूस बाहेर पडतो.]

आता दुसरा.

पहिला गेम संपून अकरा दिवस झालेत. लग्न ठरलंय. प्रिन्स दरबारात येतो तर अंगावर चिंध्या, आणि त्याला कुणी ओळखेना. सिंहासनाशेजारी दुसराच 'प्रिन्स' उभा आहे. जाफरने त्याचं रूप घेतलंय. शिपाई धावतात, आपला गडी खिडकीतून उडी टाकतो आणि थेट गच्च्यांवर.

ही सुरुवात जबरदस्त आहे, मान्य करायलाच हवं. हाताने रंगवलेले देखावे, संगीत, गलबताच्या दिशेने ती शेवटची झेप. मग समुद्रात वीज कोसळते आणि शुद्ध येते ती अनोळखी बेटाच्या किनाऱ्यावर. पुढे गुहा, उडती सतरंजी, पडके महाल, त्यात साप आणि हवेत तरंगणारी मुंडकी, मग देऊळ. पहिला गेम एका किल्ल्यात संपला होता. हा हिंडत राहतो. वेळ ७५ मिनिटं.

हे सगळं एका फ्लॉपीत मावणारं नव्हतं, त्यामुळे आमच्यापर्यंत तो उशिरा आणि तुकड्यातुकड्यांत पोचला. मेक्नर इथे आराखडा आणि दिग्दर्शन बघत होता, कोड ब्रॉडरबंडच्या चमूने लिहिला. मशीनही आता दांडगी होती. जागा होती. आणि माझ्या मते नेमकी हीच अडचण झाली.

पहिल्या गेममध्ये एका वेळी एकच शिपाई. तो समोर, तुम्ही समोर. तो कधी पुढे येतो, कधी वार अडवतो, हे बघायला उसंत असते. पहिल्यांदा अडलो तो सहाव्या लेव्हलच्या ढेरपोट्या शिपायापाशी, आणि आठवडाभर त्याच्याशी झुंजलो. त्याची ढेरी आजही डोळ्यासमोर आहे. दुसऱ्या गेममध्ये शिपाई जथ्याने येतात. एक समोर, एक पाठीमागे, पडला की त्याच्या जागी तिसरा. पहिल्याच गच्चीवर थांबून लढायचं म्हटलं तर निभाव लागत नाही, पळायचंच. पळणं मजेचं आहे, पण त्यात शिपायाचा चेहरा राहत नाही. गर्दी राहते. ते जड, माणसासारखं शरीर एका माणसाशी झुंजायला बेतलेलं होतं. चौघांमध्ये सापडलं की ते नुसतं मंद वाटतं.

कोडीही तशीच. पहिल्यात एकाच किल्ल्याची भाषा होती. ढिली फरशी, फाटक, काटे, कापणारे जबडे. तीच चार अक्षरं, वेगवेगळे शब्द. दुसऱ्यात प्रत्येक मुलखाचं व्याकरण निराळं, आणि ते कळेपर्यंत मुलूख संपतो.

सावलीचं मात्र दुसऱ्या गेमने मनावर घेतलंय, एवढं श्रेय द्यावंच लागेल. इथे ती शत्रू नाही. प्रिन्सचीच, त्याच्या ताब्यातली. एका क्षणी ती शरीर सोडून बाहेर पडते, पवित्र ज्योत उचलते आणि त्याच आगीने जाफरला जाळते. नावातली 'शॅडो' ही सावली आणि 'फ्लेम' ही ज्योत. कल्पना सुंदर आहे. एका गेममध्ये तुमची सावली तुमच्यावर उलटते, दुसऱ्यात शत्रू तुमचा चेहरा घालून बसतो आणि सावली तुमच्या बाजूने लढते. कागदावर दुसरंच कथानक वरचढ. पण खेळताना ते कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतं. आरशातून पळालेल्या त्या चोराने माझी बाटली खरोखर चोरली होती.

शेवटी एक म्हातारी चेटकीण काचेच्या गोळ्यातून हे सगळं बघताना दिसते, म्हणजे पुढचा भाग येणार. तो धागा तिथेच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा 'डूम' आला आणि बाजूने दिसणारे गेम पाहता पाहता जुने झाले.

पहिल्या गेमचा ॲपल टूवरचा मूळ कोड बरीच वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांची पेटी सापडली. गेमचं संगीतही याच वडिलांचं. जाणकार बोलावून त्या फ्लॉप्या वाचल्या आणि कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला.

[दृश्य: बारावी लेव्हल. उंचावर अरुंद वाट. समोरून लुकलुकती आकृती चालत येते.]

राहिली बारावी लेव्हल. मेगाहिटने उड्या मारत इथवर आलेल्या पोरांना ही आकृती कोण, कुठून आली, काहीच ठाऊक नसायचं. आम्ही दोघं मात्र एकदा, एकदाच, सरळ मार्गाने पोचलो. दिवाळीची सुट्टी, लॅबमध्ये तिसरं कुणी नाही. सावली समोर आली, तिने तलवार काढली, आम्हीही काढली. मी शिफ्ट हाणली. वार बसला. तिचा एक जीव गेला आणि आमचाही. पुन्हा हाणली, पुन्हा दोघांचा गेला. मित्र ओरडला, "अरे थांब, आपणच मरतोय!"

मी शिफ्टवरून बोट उचललं. त्याने खालचा बाण दाबला. प्रिन्सने तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली.

"आता?"

"आता तू हात बाजूला ठेव," तो म्हणाला, आणि त्याने बाण दाबून धरला. दोघे एकमेकांच्या अंगात धावले, पडदा लखकन चमकला, आणि एकटा प्रिन्स उरला. समोर वाट संपलेली. तो धावतच राहिला, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पायाखाली एकेक फरशी उमटत गेली.